हरलेल्या दाव्याचा खर्च कोणी सोसावा?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणिसांचे आमंत्रण आले तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली होती. वकिलाला व्यासपीठावर उभे केले की तो एक तर वारसाहक्काविषयी बोलतो, नाही तर मृत्युपत्राविषयी. आणि हे दोन्ही विषय या मेळाव्यात पूर्वी होऊन गेले आहेत. म्हणून आम्ही असा एक विषय निवडला आहे, की ज्याची आठवण दावा लढवावयास निघताना कोणालाही होत नाही आणि दावा हरल्यावर ज्यावाचून दुसरे काही सुचत नाही. चौघा-पाचजणांनी मिळून दावा लढविला आणि ते हरले, तर जिंकणाऱ्याचा खर्च त्या चौघा-पाचजणांपैकी कोणी व किती द्यावयाचा, हा तो विषय होय. विषय रुक्ष आहे हे आम्हांस कबूल आहे. परंतु आपल्या ज्ञातीत एकेकटा मनुष्य कोर्टात क्वचितच जातो. जातो तो भाऊ, चुलते, पुतणे, वहिनी, भावजया असा सारा गोतावळा घेऊन. एका वकीलपत्रावर सात सात सह्या असतात. तेव्हा हा विषय वकिलांपेक्षा आपल्या कुटुंबांचाच अधिक आहे.

आणखी एक कारण आहे, ते प्रथमच सांगून टाकतो. या बाबतीत आमच्या हातून एकदा चूक झाली आणि तिची किंमत आम्ही दिली नाही, आमच्या एका अशिलाने दिली. त्या गृहस्थांची परवानगी घेऊन, त्यांचे नाव व गाव न सांगण्याच्या अटीवर, ती हकीकत आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम कायदा थोडक्यात पाहू. आपली दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची आहे. तिच्या ३५ व्या कलमात खर्चाविषयीचा मूळ नियम आहे. खर्च कोणी द्यावा, कोणत्या मालमत्तेतून द्यावा आणि किती द्यावा, हे ठरविण्याचा पूर्ण अधिकार त्या कलमाने न्यायालयास दिला आहे. सर्वसाधारण रीत अशी की खर्च निकालाच्या मागून जातो, म्हणजे जो हरेल त्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावयाचा. न्यायाधीशास तसे करावयाचे नसेल, ज्याचा त्याने खर्च सोसावा असे म्हणावयाचे असेल, तर त्याची कारणे त्यास लेखी नमूद करावी लागतात.

येथे खर्च याचा अर्थ आपण घरी वहीत लिहितो तो खर्च नव्हे. कोर्टफीचा स्टँप, समन्सचा खर्च, साक्षीदारांचा भत्ता, कमिशनरची फी आणि नियमाने ठरलेली वकिलाची फी, एवढेच त्यात येते. एस. टी. चे भाडे, बुडालेले दिवस, तहकुबीच्या दिवशी कोर्टाच्या आवारात प्यालेला चहा यांतले काहीही त्यात येत नाही. वकिलाला प्रत्यक्ष दिलेली फी आणि हुकूमनाम्यात धरलेली फी यांत तर पुष्कळदा जमीनअस्मानाचे अंतर असते. (आमच्या धंद्यातील मंडळी समोर बसली आहेत, म्हणून अधिक बोलत नाही.) खोटा किंवा केवळ त्रास देण्यासाठी केलेला दावा असेल तर भरपाई म्हणून जादा रक्कम देवविता येते, परंतु सामान्य दिवाणी दाव्यात तिची मर्यादा अवघी तीन हजार रुपये आहे. खर्चाचे हे आकडे वास्तवाला धरून असावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ पासून अनेकदा सांगितले, विधि आयोगाने २०१२ साली या एकाच विषयावर आपला २४० वा अहवाल दिला, आणि २०१५ च्या कायद्याने व्यापारी दाव्यांपुरता खर्चाचा नियम पुष्कळच कडक झाला. तालुक्याच्या कोर्टातील घरादाराच्या दाव्यांत मात्र जुनीच चाल बव्हंशी टिकून आहे.

यावरून कोणी म्हणेल, रक्कम जर एवढी लहान, तर तिची चिंता कशाला? त्याला उत्तर असे की कोर्टफी मोठी असली म्हणजे रक्कम लहान राहत नाही. आणि दुसरे असे की रक्कम चौघांत वाटली तर लहान असते. एकावर पडली तर ती लहान नसते.

आता ती हकीकत. बाजारपेठेच्या एका गावात चार भावांचा जुना वाडा होता. वडिलांनी हयातीत वाड्याचा पुढचा भाग एका व्यापाऱ्यास विकला होता, पण ताबा दिला नव्हता. वडील गेले, मुले त्याच जागेत राहिली, आणि पुढे व्यापाऱ्याने २००१ साली ताब्याचा दावा लावला. थोरले बंधू शेती करीत. मधले सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन पेन्शनीवर आले होते. तिसरे बंधू वारलेले. त्यांच्या पत्नी दुसऱ्याच्या शेतावर मजुरीस जाऊन दोन मुलींना वाढवीत होत्या. धाकटे एका अनुदानित शाळेत शिक्षक. त्यांना आपण गुरुजी म्हणू. असे चार प्रतिवादी आणि चौघांचे वकील आम्ही.

गुरुजींच्या मनात दावा लढवावयाचा नव्हता. वडिलांची सही खरी आहे हे त्यांना ठाऊक होते. व्यापारीही मवाळ गृहस्थ होता. जागा खाली करण्यास तीन वर्षांची मुदत देतो, दाव्याचा खर्चही मागत नाही, असे त्याने पहिल्याच तारखेस आमच्यामार्फत कळविले होते. आम्ही चौघांना आमच्या कचेरीत बसविले. थोरले म्हणाले, "वाडा बापजाद्यांचा आहे, वकीलसाहेब. आम्ही जिवंत असताना दुसऱ्याला कुलूप लावू द्यायचे काय?" मधल्यांनी मान डोलावली. वहिनी पदर सावरून दाराशी बसल्या होत्या. त्यांना कोणी विचारले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही विचारले नाही. गुरुजी एवढेच म्हणाले, "दादा म्हणतील तसे." आणि चौघांनी एकाच वकीलपत्रावर सह्या केल्या.

दावा सात वर्षे चालला. २००८ साली निकाल झाला. शेवटची ओळ अशी होती: दावा खर्चासह मंजूर, प्रतिवादींनी वादीचा खर्च द्यावा. प्रतिवादींनी, एवढेच. कोणत्या प्रतिवादीने किती, हे त्यात नव्हते. आम्ही कोर्टात उभे होतो. त्या क्षणी उठून, खर्चाची विभागणी चार समान हिश्श्यांत व्हावी, किंवा मजुरी करणाऱ्या विधवेस त्यातून वगळावे, अशी दोन ओळींची पुरसीस देणे आम्हांस सहज शक्य होते. ते आम्ही केले नाही. अपील करावयाचेच आहे, तेव्हा पाहू, असा आळस मनात होता. पुढे अपिलाच्या अर्जात सतरा मुद्दे घातले, त्यांत खर्चाच्या विभागणीचा मुद्दा नव्हता. २०११ साली अपीलही खर्चासह नामंजूर झाले. दोन्ही कोर्टांचा आणि पुढच्या वसुलीच्या दरखास्तीचा धरून एकूण आकडा झाला ८६,४०० रुपये.

चौघांनी वाडा सोडला. खर्च मात्र कोणी भरला नाही. मग व्यापाऱ्याने दरखास्त लावली. आता येथे कायद्याचा जो खेळ झाला तो आपण नीट ध्यानात घ्यावा अशी आमची विनंती आहे. कारण आम्ही इतकी वर्षे वकिली करून तो प्रथमच इतक्या लखलखीतपणे पाहिला.

"प्रतिवादींनी खर्च द्यावा" असा मोघम हुकूम असला म्हणजे प्रत्येक प्रतिवादी साऱ्या रकमेस जबाबदार असतो. जिंकणारा मनुष्य त्यांच्यापैकी कोणाही एकास गाठून सारी रक्कम त्याच्याकडून घेऊ शकतो. त्याने चार दारी हिंडावे असे बंधन त्याच्यावर नाही. उलटपक्षी, कोणाच्या कोणत्या वस्तूवर जप्ती आणता येत नाही याची यादी संहितेच्या ६० व्या कलमात आहे, आणि ती यादी मोठ्या दयाबुद्धीने केलेली आहे. शेतकऱ्याचे राहते घर, बैल आणि अवजारे यांना हात लावता येत नाही, थोरले सुटले. त्यांची जमीन जप्त होऊ शकली असती, पण तिच्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा, आणि लिलावाची यातायात कोण करतो? निवृत्ताच्या पेन्शनीवर जप्ती येत नाही, मधले सुटले. मजुराच्या मजुरीवर जप्ती येत नाही, आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला दिवाणी तुरुंगातही ठेवता येत नाही, वहिनी सुटल्या. यांतील एकही तरतूद वाईट नाही. प्रत्येक योग्यच आहे. परंतु तिघांना दाखविलेल्या त्या साऱ्या दयेचा भार जाऊन पडला तो चौथ्यावर. पगारदाराच्या पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश एवढेच काय ते सुरक्षित. राहिलेला एक तृतीयांश जप्त होतो. गुरुजींचा जप्तीस पात्र पगार २९,८०० रुपये होता. हजार वजा जाता २८,८००. त्याचा तिसरा हिस्सा ९,६००. जून २०१२ पासून फेब्रुवारी २०१३ पर्यंत नऊ महिने शाळेच्या कचेरीतून दरमहा ९,६०० रुपये कापले गेले, आणि व्यापाऱ्याचा सारा खर्च फिटला.

व्यापाऱ्याचे यात काही चुकले असे आम्हांस म्हणता येत नाही. त्याने समेट देऊ केला होता. तो धुडकावला गेल्यावर जिथून पैसा सुलभपणे मिळेल तिथून त्याने घेतला. गुरुजींच्या मुलाचे तेव्हा अभियांत्रिकीचे पहिले वर्ष होते. पगार जप्त झाला ही गोष्ट शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत सर्वांना कळली, याचे त्यांना पैशापेक्षा अधिक लागले.

आता कोणीही विचारील की गुरुजींनी भावांकडे त्यांचे हिस्से का मागितले नाहीत? मागितले. आणि कायदा त्यांच्या बाजूचा होता. एकाने सर्वांचे देणे फेडले तर त्याला इतरांकडून त्यांचा त्यांचा वाटा वसूल करण्याचा हक्क आहे. याला आम्ही वकील लोक अंशदानाचा दावा म्हणतो. १८७२ च्या करार कायद्याच्या ४३ व्या कलमात संयुक्त वचन देणाऱ्यांपुरते हे तत्त्व स्पष्ट लिहिले आहे: धनको कोणाही एकाकडून सारे घेऊ शकतो, आणि ज्याने दिले तो इतरांकडून समान वाटा मागू शकतो. खर्चाचा हुकूमनामा हा काही करार नव्हे. तरी त्याच न्यायबुद्धीने न्यायालये त्याकडे पाहतात.

या तत्त्वाचा इतिहासही मनोरंजक आहे. इंग्लंडात १७९९ साली मेरीवेदर आणि निक्सन असे दोघे न्यायालयापुढे आले होते. दोघांनी मिळून एका गिरणीच्या यंत्रसामग्रीचे नुकसान केले म्हणून दोघांविरुद्ध ८४० पौंडांचा निकाल झाला होता आणि सारे पैसे एकट्या मेरीवेदरकडून वसूल झाले होते. त्याने निक्सनकडे अर्धे मागितले. लॉर्ड केन्यन या न्यायाधीशाने ते नाकारले. दोघे मिळून अपकृत्य करणाऱ्यांनी आपसांतील हिशेब न्यायालयात आणू नयेत, असा त्याचा आशय. हा नियम तिकडे १९३५ साली कायदा करून मोडावा लागला. आपल्याकडे तो आंधळेपणाने उचलण्यास नागपूरच्या उच्च न्यायालयाने १९४२ च्या एका निवाड्यात आणि अलाहाबादच्या पूर्णपीठाने १९५१ च्या निवाड्यात नकार दिला, ही आपणांस अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. एकाने सर्वांसाठी भरावे आणि बाकीच्यांनी हात झटकून मोकळे व्हावे, हे आपल्या न्यायबुद्धीला रुचले नाही.

तेव्हा हक्क होता. तथापि तो बजावण्यासाठी गुरुजींना काय करावे लागले असते? दोन सख्ख्या भावांवर आणि एका विधवा भावजयीवर नवा दावा लावावा लागला असता. त्याला नवा स्टँप, नवे समन्स, नवा वकील, आणि तो हरला तर पुन्हा खर्च. मुदत तीन वर्षांची. त्या दिवाळीत सारे थोरल्यांच्या घरी जमले असता गुरुजींनी विषय काढला. थोरले म्हणाले, "तुझा पगार चालू आहे, तू भरलेस. आमच्याकडे असते तर आम्ही भरले नसते काय?" मधले म्हणाले, वकिलाने अपील करावयास लावले, त्यालाच विचार. वहिनींनी दुसऱ्या दिवशी दोन हजार रुपये रुमालात बांधून आणून दिले, ते गुरुजींनी परत केले. त्यानंतर सहा वर्षे भाऊ एकमेकांच्या दारी गेले नाहीत. वहिनींच्या थोरल्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकण्यास गुरुजी मांडवाच्या बाहेर उभे होते, हे आम्ही स्वतः पाहिले. वाडा गेल्याचे दुःख त्या घराने दोन-तीन वर्षांत पचविले. ८६,४०० रुपयांचे मात्र पचले नाही.

ही गोष्ट टाळता आली असती काय? आली असती, आणि तीन ठिकाणी आली असती.

पहिली संधी आरंभीच होती. चौघांनी एकाच वकीलपत्रावर सही करण्याची काही सक्ती नव्हती. ज्याला लढावयाचे नाही त्याने आपली कैफियत निराळी द्यावी, त्यात वादीचे म्हणणे जितके खरे तितके कबूल करावे, आणि आपण दाव्याला विरोध करीत नाही सबब आपल्यावर खर्च बसवू नये असे स्पष्ट लिहावे. विरोध करणारा प्रतिवादी आणि न करणारा प्रतिवादी यांत खर्चाच्या वेळी भेद करण्याचा अधिकार न्यायाधीशाला आहे, आणि असे लिहून दिलेले असले तर तो पुष्कळदा केला जातो. परंतु लिहून दिलेले असावे लागते. मनात समेट आणि कागदावर लढा, अशा माणसाचे मन न्यायालयाला दिसत नाही. निराळी कैफियत दिली म्हणजे दादांचा अपमान होतो, असे आपल्या घरांतून मानतात. दादांचा मान राखण्याचे पुष्कळ मार्ग आहेत. वकीलपत्र हा त्यांपैकी नव्हे. तसेच आमच्यासारख्या वकिलानेही, अशिलांची मते भिन्न आहेत असे दिसताच, चौघांचे काम एकट्याने घेऊ नये. हे आम्ही तेव्हा जाणत होतो, आचरिले नाही.

दुसरी संधी निकालाच्या दिवशीची. ती आम्ही दवडली हे सांगून झालेच आहे. या बाबतीत एवढे लक्षात ठेवावे की हुकूमनामा एकदा मोघम झाला की मागाहून दुरुस्त करणे सोपे नाही. लेखणीची चूक असली तर दुरुस्त होते. न मागितलेली विभागणी ही लेखणीची चूक नव्हे. आणि केवळ खर्चापुरते अपील सहसा टिकत नाही. म्हणून युक्तिवाद संपवितानाच वकिलाकरवी ही मागणी करून घ्यावी. हरण्याची भाषा आधी कशी बोलावी, असा संकोच अशिलांना वाटतो. आमचा अनुभव असा की न्यायाधीशांना त्यात गैर काही वाटत नाही.

तिसरी संधी अपिलाची. मुद्दा सर्वांचा एकच असेल तर त्यांपैकी एकानेही अपील करून सर्वांसाठी निकाल फिरवून घेता येतो, अशी सोय संहितेच्या एकेचाळिसाव्या आदेशात आहे. म्हणजे थोरल्यांना लढावयाचेच होते तर त्यांनी एकट्याने अपील करावे, आणि ते हरले असते तर अपिलाचा खर्च त्यांच्या एकट्याच्या माथी आला असता. गुरुजींची व वहिनींची सही त्या अर्जावर घेण्याचे काहीही कारण नव्हते. आम्ही ती सवयीने घेतली.

याखेरीज घरचा उपाय एक आहे आणि तो आम्हांस सर्वांत श्रेष्ठ वाटतो. दावा लावण्यापूर्वी, किंवा समन्स हाती पडताच, सर्वांनी एकत्र बसून एक कागद करावा. आपल्या बाजूचा खर्च कोणी किती द्यावयाचा हे त्यात लिहावे. पण तेवढ्यावर थांबू नये, कारण तेवढे तर सारेच लिहितात. हरलो तर समोरच्याचा खर्च कोणी किती द्यावयाचा, आणि एकाकडून साऱ्याची वसुली झाली तर इतरांनी किती दिवसांत त्याची भरपाई करावयाची, हे लिहावे. हिस्से समानच असले पाहिजेत असे नाही; ज्याचा लाभ मोठा त्याचा वाटा मोठा, जी विधवा मजुरी करते तिचा वाटा शून्यही ठेवता येतो. अपील करावयाचे की नाही हे कोण ठरविणार, आणि ज्याला ते नको असेल तो कोणत्या तारखेपासून मोकळा, हेही लिहावे. योग्य मुद्रांकावर सर्वांच्या सह्या, दोन साक्षी, आणि प्रत्येकाजवळ एकेक प्रत. असा कागद जिंकणाऱ्याला बांधीत नाही, तो पूर्वीप्रमाणे कोणालाही धरू शकतो; परंतु भावाभावांत पुढे वाद उरत नाही. आणि कागद करण्यास बसल्यावर असेही पुष्कळदा होते की हरल्यास आपणांस काय द्यावे लागेल हा आकडा डोळ्यांपुढे आला की थोरल्यांचाही आवाज जरा खाली येतो आणि समेटाची गोष्ट निघते. लोकअदालतीत समेट झाला तर भरलेली कोर्टफी परत मिळते, ही गोष्टही अशा वेळी सांगण्यासारखी आहे.

एक सावधगिरीचा शब्द पैसा पुरविणाऱ्यांविषयी. गावोगाव असे गृहस्थ असतात की ज्यांचे नाव दाव्यात कोठे नसते, पण जिंकल्यास जमिनीत हिस्सा घ्यावयाचा असे ठरवून ते दुसऱ्याचा दावा चालवितात. हरल्यावर खर्च वादीच्या माथी, आणि हे गृहस्थ तालुक्यास फिरकतही नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने संहितेच्या पंचविसाव्या आदेशात जी भर घातली आहे, तिने अशा माणसास वादी म्हणून पुढे आणता येते आणि प्रतिवादीच्या खर्चापोटी त्याच्याकडून तारण मागता येते. ज्यांना असा पाहुणा भेटेल त्यांनी ही तरतूद आपल्या वकिलास विचारावी.

आता आपल्या संस्थेविषयी दोन शब्द. संस्था १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली असली तर तिच्या वतीने अध्यक्ष किंवा चिटणीस यांच्या नावाने दावा चालतो. पण निकाल विरुद्ध गेला तर वसुली संस्थेच्या मालमत्तेतून होते, त्यांच्या घरादारावर येत नाही. ही सोय त्याच कायद्याच्या ८ व्या कलमात आहे. परंतु पाच-सात उत्साही मंडळींनी संस्थेचा ठराव न घेता, सर्व ज्ञातीच्या वतीने म्हणून स्वतःच्या नावाने दावा लावला, तर टाळ्या साऱ्या ज्ञातीच्या आणि खर्च त्या पाच-सातांचा, असा प्रसंग येतो. म्हणून ठराव आधी, दावा मागाहून. कार्यकारी मंडळाने हे मनावर घ्यावे.

गुरुजींची हकीकत येथे संपत नाही. त्यांचा शेवटचा हप्ता फेब्रुवारी २०१३ मध्ये कापला गेला होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्या हप्त्यापुरतीही दाव्याची मुदत उलटली. त्यांनी दावा लावला नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात एके दिवशी थोरले बंधू आमच्या कचेरीत आले. वय झाले होते, काठी टेकीत आले. बराच वेळ पावसाचे बोलले. मग म्हणाले, "धाकट्याने आमच्यावर फिर्याद करायची मुदत संपली ना, वकीलसाहेब?" आम्ही म्हणालो, संपली. ते म्हणाले, "मग आता द्यायचे तर कसे द्यायचे? तो हातात घेणार नाही."

करार कायद्याच्या २५ व्या कलमात एक छोटी तरतूद आहे. मुदत उलटून गेलेले देणे देण्याचे वचन कोणी लेखी लिहून स्वतःच्या सहीने दिले, तर ते वचन कायद्याने बांधणारे ठरते. आम्ही ती त्यांना वाचून दाखविली. त्यांनी तेथेच कागद करून घेतला: माझ्या वाट्याचे २१,६०० रुपये मी धाकटा भाऊ यास देणे आहे व ते मी सुगी-सुगीला फेडीन. मधल्यांची सही त्यांनी आठ दिवसांनी आणून दिली. वहिनींच्या वाट्याचे २१,६०० रुपये निम्मे निम्मे आपणां दोघांच्या अंगावर घ्यावेत, असे त्यांनी मधल्यांकडून कबूल करून घेतले होते. तेवढ्यासाठी आम्ही निराळा कागद केला, आणि त्याची फी घेतली नाही.

कागद पोहोचविण्यास आम्हीच गुरुजींकडे गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला, आणि घरात हाक मारून चहा टाकावयास सांगितले. २०२३ च्या दिवाळीपूर्वी शेवटची रक्कम पोहोचली. त्या रकमेची पावती गुरुजींनी थोरल्यांच्या घरी जाऊन स्वतःच्या हाताने लिहून दिली.

खर्चाच्या कागदाचा एक पानी मराठी मसुदा आम्ही तयार करून चिटणिसांच्या टेबलावर ठेवला आहे. ज्यांच्या घरी समन्स आलेले असेल, किंवा यावयाचे असेल, त्यांनी जाताना एक प्रत घेऊन जावी.